शोकेसमधलं विमान

दत्तप्रसादांनी विमान उलटं केलं, चाकांवरून अंगठा फिरवला आणि चष्मा कपाळावर चढवला. ह्याच्याशी कोण खेळायचं, असं त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही," रणजित म्हणाला. पंचवीस वर्षांचा राग त्या दोन शब्दांत होता.

वारज्यातली जमीन रस्त्यात गेली, त्या वर्षी वडिलांनी त्याच्यासाठी हे पांढरंशुभ्र विमान आणलं होतं. फरशीवर घासून सोडलं की घर्रकन पळायचं, म्हणे. म्हणेच, कारण दुकानदारानं ते एकदा चालवून दाखवलं तेवढंच. घरी आल्या आल्या आईनं, सोजरबाईंनी, ते नव्या शोकेसमध्ये ठेवून कुलूप घातलं. किल्ली कमरेला. पोरगं काचेला नाक लावून रडायचं आणि उत्तर एकच मिळायचं, 'डोळ्यानं बघायचं, हातानं न्हाई.' पुढं मिशा फुटल्या तसा हट्ट सुटला. रणजित इंजिनियर झाला, हिंजवडीला नोकरीला लागला, स्वतःच्या पैशानं ड्रोनसुद्धा घेतला. पण ते विमान ते विमानच.

आणि आता ते हळद लागलेल्या नवरदेवासारखं पिवळंधमक झालं होतं.

येत्या रविवारी त्याची लेक सृष्टी पाच वर्षांची होणार होती. हेच विमान तिच्या हातात द्यायचं असा त्यानं चंगच बांधला होता. सोजरबाई कबूल झाल्या, पण अट घालून. पांढरं करून आणायचं, एक फोटो काढायचा, की परत शोकेसमध्ये. शिवाय कुणाच्या हाती सोपवायला नको म्हणून त्या स्वतः ते टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन कसबा पेठेपर्यंत आल्या होत्या. सृष्टीनं वाटेत दोनदा बोट लावलं आणि दोनदा चापटी खाल्ली.

दत्तप्रसाद पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. हल्ली आयटीवाल्यांना बालपण दुरुस्त करून हवं असतं, म्हणून ते जुनी खेळणी उजळून देत. काम चोख, जीभ त्याहून चोख. दर दिवाळीला साबणानं घासून दिवसभर उन्हात वाळवते, तरी मेलं पिवळंच पडतं, अशी सोजरबाईंनी तक्रार केली.

"वा," दत्तप्रसाद म्हणाले. "म्हणजे रोग्याला दरसाल विष पाजायचं आणि वर विचारायचं, बरा का होत नाही."

मग त्यांनी नीट समजावलं. हा मळ नव्हेच. प्लास्टिकनं पेट घेऊ नये म्हणून त्यात काही मिसळलेलं असतं, ते ऊन आणि हवा खाऊन पिवळं होतं. शोकेस खिडकीसमोर होतं ना? होतं, आणि खिडकी पश्चिमेची. आता पार्लरमध्ये केसांचा रंग उडवायला वापरतात ते पेरॉक्साइड फासायचं, वर पातळ प्लास्टिक गुंडाळायचं आणि फिरवत फिरवत उन्हात ठेवायचं. औषध लावलं की तेच ऊन पांढरं करतं. नंतर मात्र हे बंद कपाटात, अंधारात ठेवायचं. नाहीतर पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

बंद कपाट म्हटल्यावर सोजरबाईंचा चेहरा खुलला. कपाटाला कुलूप असतं. रणजितचा चेहरा पडला. आता सृष्टीला ते काचेतूनसुद्धा दिसणार नव्हतं.

"ते सगळं होईल," दत्तप्रसाद म्हणाले. "पण उन्हानं रंग जातो हो, चाकं झिजत नाहीत. ही तिन्ही झिजून सपाट झालीत. हे विमान वर्षानुवर्षं पळालंय."

रणजितनं चाकं पाहिली. त्याला आधी वडिलांचा संशय आला. पण ते सकाळी कंपनीत जात ते दिवेलागणीला परतत, आणि भावंड तर त्याला नव्हतंच.

"किल्ली कुणाकडे असायची?" दत्तप्रसादांनी विचारलं.

सोजरबाईंनी टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"जमीन गेली, रानातलं काम गेलं," त्या टॉवेलाकडं बघत म्हणाल्या. "तू शाळंत, तुझं बाबा कंपनीत. दुपार नुसती खायला उठायची रं. एक दिवस पुसाया म्हणून काढलं. जरा घासून सोडलं, तर सैपाकघरापास्नं पार दारापतुर गेलं."

"आणि मग रोज?"

"रविवार सोडून."

रविवारी तो घरी असायचा. रणजितला हसू फुटलं, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. आईच्या माहेरच्या गोष्टी त्यानं शंभरदा ऐकल्या होत्या. त्यांत कडेवरची भावंडं होती, शेळ्या होत्या, पाण्याचे हंडे होते. खेळणं एकही नव्हतं, हे आज पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं जपलेला राग कुठल्या कुठं गेला.

तरी त्यानं विचारलंच, मग मला का नाही दिलंस? तू मोडलं असतंस, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं.

एवढ्यात सृष्टीचं बोट पुन्हा विमानाकडं सरकलं. ह्या वेळी चापटी बसली नाही. दत्तप्रसादांनी पावतीपुस्तक उघडलं आणि उद्याच उन्हात घालू का, म्हणून विचारलं.

सोजरबाईंनी विमान उचललं आणि नातीच्या दोन्ही हातांत ठेवलं.

"रंगाचं ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "चाकं तेवढी नवी घाला. आता खेळणारी तिघं हायत."