भांगाचं पाणी

"सावकाश खणा," बेसिल म्हणाला. "आज अष्टमी आहे. भांगाची भरती. मवाळ पाणी, ते कुठं चढतंय?"

डीनच्या ट्रकची चाकं निम्मी रेतीत गेली होती. बेट सगळं रेतीचंच. ओहोटीला भोवती मैलभर पुळण उघडी पडायची. तिच्यावर दुपारभर तीन गाड्या उधळल्या. बेसिलची आणि त्याचा दोस्त मोहनची शहाण्यासारख्या परतल्या, वर झाडांपाशी तंबूंजवळ उभ्या राहिल्या. बेसिलच्या लेकाला, डीनला, मात्र अजून एक फेरी हवी होती. ओढायचा पट्टा मघाशीच तुटला. आता डीन फावडं मारत होता, मोहन पालथा पडून चाकाखालची रेती हातानं उपसत होता, आणि डीनची धाकटी बहीण निकोल फोन घेऊन उभी होती.

"डॅडी, यात लिहिलंय, आठला हाय टाइड. अँड इट्स वे हायर दॅन मॉर्निंग."

"त्या फोनला एकदा मासे पकडायला पाठव," बेसिल म्हणाला. सगळे हसले. "तो पांढरा ओंडका बघ. सकाळची भरती तिथं थांबली. संध्याकाळची फार तर हातभर पुढं येईल. आपण त्याच्या कितीतरी वर आहोत."

"अगं, भाऊ वसईच्या कोळीवाड्यातले," गाडीखालून मोहन म्हणाला. "त्यांना काय टाइड शिकवतेस!"

वसईच्या समुद्राला हा हिशोब चोख लागू पडायचा. तिथल्या दोन भरत्या म्हणजे सख्ख्या बहिणी, एकीला पाहून दुसरी ओळखावी. इथला समुद्र कसा असतो, हे बेसिलनं कधी कुणाला विचारलं नव्हतं. इथं परदेशात, कोक्विटलामच्या वेअरहाउसमध्ये, त्याला कुणी काही विचारत नसे. घरी पोरं त्याचं इंग्लिश दुरुस्त करत. इथं मात्र दोन दिवस सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. तंबू कुठं ठोकायचे, गाड्या कुठून काढायच्या, सगळं भाऊ सांगतील तसं. त्याला ते फार आवडलं होतं.

सव्वासहाला ओंडका हलला.

एकट्या बेसिलनंच ते पाहिलं. पाणी ओंडक्याखाली शिरलं होतं, त्याला उचलत होतं, आणि भरती पूर्ण व्हायला अजून पावणेदोन तास होते. त्यानं मागं वळून पाहिलं. ट्रक आणि तंबू यांच्यामध्ये एक खोलगट पट्टा होता. दुपारी तिथून कोरड्या रेतीवरून गाड्या गेल्या होत्या. आता तिथं पाणी चमकत होतं. पलीकडून त्याची बायको ब्लांच दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होती. वाऱ्यात शब्द पोचत नव्हते.

मोहनला पोहता येत नव्हतं.

बोल, बेसिल स्वतःला म्हणाला. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"जरा हात चालवा रे."

आणखी पाच मिनिटं गेली. ती पाच मिनिटं त्याची होती, दुसऱ्या कुणाची नाही.

"डॅडी, ट्रक इज मूव्हिंग!" डीन ओरडला. "थोडंच राहिलंय. टाइम आहे ना?"

"भाऊंनी सांगितलंय ना एकदा," मोहन म्हणाला आणि कंबरेपर्यंत गाडीखाली सरकला. "इथं खालून पाणी लागलंय हो, भाऊ. विहीरच खणली आपण!"

ते पाणी खालून नव्हतं. बेसिलनं त्याचे दोन्ही पाय धरले आणि खसकन त्याला बाहेर ओढलं.

"गाडी सोडा. चला."

"अहो, पण..."

"माझं चुकलं. भरती चढतेय. चला!"

कुणी हललं नाही. भाऊ थट्टा करताहेत असंच मोहनला वाटलं. तो रेतीत बसून हसत राहिला. डीननं फावडं पुन्हा मारलं. "फाइव्ह मिनिट्स, डॅडी. तुम्हीच म्हणालात वेळ आहे."

"खोटं सांगितलं मी!" बेसिलचा आवाज फाटला. "मला इथलं पाणी कळत नाही! कळतच नाही मला!"

बाप असा ओरडलेला निकोलनं कधी ऐकला नव्हता. तिनं डीनच्या हातातून फावडं हिसकलं आणि फेकून दिलं.

त्या खोलगट पट्ट्यात पाणी आधी गुडघ्याला लागलं, मग मांड्यांना, मग छातीला. बर्फासारखं गार, आणि ओढ अशी की पायाखालची रेती सरकत होती. मोहनला मध्ये घेतलं होतं. त्याची बोटं बेसिलच्या दंडात रुतली होती. एकदा तो खाली गेला. डीननं त्याला केसांना धरून वर काढलं. पलीकडं ब्लांच कपड्यांनिशी पाण्यात उतरली होती. तिनं आधी निकोलला ओढलं, मग ज्याचा हात मिळेल त्याला.

कोरड्या रेतीवर सगळे धापा टाकत पडले. ट्रकचे दिवे पाण्याखाली गेले होते. डीन तिकडं पाहत होता.

पाणी उतार चढून हळूहळू तंबूंच्या रोखानं येत होतं. मोहनचे दात वाजत होते. त्यानं सवयीनं मान वळवली.

"भाऊ, इथवर नाही ना येणार?"

सगळे पुन्हा बेसिलच्या तोंडाकडे पाहू लागले. बेसिलनं पाण्याकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं. नाही येणार, हे शब्द अगदी जिभेवर आले होते.

"माहीत नाही," तो म्हणाला.

ब्लांच उठली आणि तिनं तंबूचा पहिला खुंटा उपटला.