रंगांचा पाढा

दादाने धाकट्याची पिशवी साहेबांच्या टेबलावर पालथी केली. पक्कड, टेस्टर आणि मूठभर कापलेले कनेक्टर खडखडत बाहेर पडले. प्रत्येकाच्या मागे तारांचं बोटभर शेपूट. सगळे बंद तोंडाचे, म्हणजे दादाने बसवलेले.

"बघा साहेब! माझ्या पाठीमागे माझंच काम कापतो हा. घरचा भेदी!"

सख्खा भाऊ. बावीस वर्षं दोघांनी मिळून ऑफिसांमधून नेटवर्कच्या वायरी टाकल्या. कनेक्टर दादाने बसवायचे, तपासायचे धाकट्याने. पण गेलं वर्षभर धाकट्याने आरपार कनेक्टरचं टुमणं लावलं होतं. त्यात आठही तारांची टोकं पुढून बाहेर येतात. दाबण्याआधी रंगांचा क्रम शेजारी बसलेल्यालाही दिसतो. दादाच्या मते ती नवशिक्यांची सोय. त्यातून आणखी एक खोड. दादा तारा लावायला बसला की धाकटा शेजारी बसून रंग मोठ्याने म्हणायचा, पोरं पाढे म्हणतात तसे. पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी... महिन्यापूर्वी दादा खेकसला होता, "मला शिकवतोस? तोंड बंद ठेव." तेव्हापासून धाकट्याने तोंड बंद ठेवलं होतं.

या ऑफिसच्या नव्या मजल्यावर कुठले कनेक्टर बसवायचे, ते साहेब आज ठरवणार होते.

"का कापलेस? सांग की साहेबांना!"

धाकट्याने दादाकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"मला आरपारच आवडतात," एवढंच तो म्हणाला.

"मग तुझी चूल वेगळी मांड. आजपासून तू माझ्या कामावर दिसायचं नाही."

धाकट्याने पक्कड उचलली, टेस्टर तिथेच ठेवला आणि जिना उतरून निघून गेला. दादाला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

"बंद तोंडाचा एक बसवून दाखवा," साहेब म्हणाले.

दादाने झोकात बसवला. साहेबांनी टेस्टर लावला. आठ तारांचे दिवे एकेक करून ओळीने पेटत गेले. पाचवा झाला आणि सहाव्याच्या जागी आठवा पेटला. "घाई झाली," म्हणत दादाने तो कापला, दुसरा बसवला. पुन्हा सहाव्याच्या जागी आठवाच.

साहेबांनी टेबलावरचा एक कापलेला कनेक्टर खिडकीशी धरला. मग दुसरा, तिसरा. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "दादा, या सगळ्यांत हिरवीच्या जागी तपकिरी तार आहे. त्याने फक्त चुकलेले कापलेत."

दादाने आणखी एका वायरीची साल सोलली आणि आठ तारा बोटांवर पसरल्या. दोन तारा, उजेडात कितीही फिरवून पाहिल्या तरी, त्याला एकाच रंगाच्या दिसत होत्या. जुन्या सवयीने त्याने शेजारी कान दिला.

शेजारच्या खुर्चीवर कुणी नव्हतं.