बाजूचं दार

किल्लीवाल्या काकांनी चर्चचं मोठं दार लोटलं, आतून दोनदा किल्ली फिरवली आणि खिशात टाकली.

"हे दार आज उघडणार नाही," ते म्हणाले. "तो पायरीवर उभा आहे तोवर तर नाहीच."

बाकांवरची चाळीसेक माणसं दाराकडे वळून बघू लागली. तो कोण, हे कुणी विचारलं नाही. सात वर्षांपूर्वी दारूच्या नशेत त्याने ट्रक फुटपाथवर घातला होता. गाण्याच्या सरावावरून घरी निघालेली काकांची मुलगी जागच्या जागी गेली. एकुलती एक. चोवीस वर्षांची. परवा तो तुरुंगातून सुटला आणि आज थेट इथे आला.

काका लेथवर काम करणारे. चर्चची कुलुपं, कड्या, बिजागऱ्या तीस वर्षं त्यांच्याच हाताखालच्या. तुरुंगातून त्याची तीन पत्रं आली होती. तिन्ही त्यांनी न फोडता जाळली. तो दाराशी येईल, आत यायला बघेल आणि त्याला कुणी आत घेणार नाही, हा एकच दिवस त्यांनी सात वर्षं जिवापाड जपला होता. त्याला मारायचं नव्हतं. तोंड पाडून परत जाताना बघायचं होतं.

उपासना चालवणारे पाळक मेजापासून खाली आले. तरुण माणूस, काकांची मुलगी आज असती तर तिच्याच वयाचा.

"काका, किल्ली द्या."

"तो आत आला तर मी बाहेर. कोण हवंय ते मंडळीने ठरवावं."

आता जुंपणार, म्हणून काका दाराला पाठ लावून उभे राहिले. पाळक मेजाकडे परत गेले. त्यांनी प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला उचलला, कोपरानेच बाजूच्या लहान दाराची कडी सरकवली आणि बाहेर पडले. त्यांच्या मागोमाग शिंपी उठला. मग शाळेच्या बाई. मग बाकच्या बाक रिकामे झाले. जाताना काकांच्या नजरेला नजर द्यायची कुणाची छाती झाली नाही.

सगळ्यांत शेवटी काकू उठल्या.

"तू कुठे निघालीस?" काका ओरडले.

काकू थांबल्या नाहीत.

काकांनी दाराच्या फटीला डोळा लावला. ट्रकवाला पायरीवर मान खाली घालून उभा होता. त्याच्याभोवती दोन हात अंतर सोडून सगळे उभे राहिले. कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, कुणी हसून बोललं नाही. शिंप्याने फक्त गाण्यांचं पुस्तक त्याच्या हातात कोंबलं आणि तोंड फिरवलं. मग त्यांनी गायला सुरुवात केली.

"ढोंगी! सगळे एका माळेचे मणी!" काकांनी समोरच्या बाकाला लाथ घातली. बाक उलटला. तो आवाज बराच वेळ छताला घुमत राहिला.

थोड्या वेळाने बाजूचं दार वाजलं. काकू आत आल्या.

"आलीस ना परत? मला ठाऊक होतं." मग काकांचा आवाज चढला. "की त्याला माफ करून आलीस?"

"माफ?" काकू जवळ आल्या. "त्याला बघितलं आणि वाटलं, या हातांनी गळा घोटावा. अजूनही वाटतंय. म्हणून तर त्यांच्यात जाऊन उभी राहिले. एकटीला हे नाही हो पेलत."

त्यांनी हातातला रुमाल उलगडून पुढे धरला. आत भाकरीचा एक तुकडा होता.

"हे काय?"

"पाळकांनी दिलाय, आजाऱ्यांच्या घरी पाठवतात तसा," काकू म्हणाल्या. "आज ज्यांना चर्चला येता आलं नाही, त्यांच्यासाठी."