वरच्या मजल्यावरचा गरम नळ

ग्राफिक्स कार्ड पुन्हा तापलं, खेळ अडखळला आणि शलाकाने टेबलावर मूठ आपटली. गीझरवर बंदी आल्यापासून प्रत्येक कॉम्प्युटरची उष्णता वरच्या घराच्या अंघोळीच्या पाण्यात जायची. तिच्या गेमिंग लॅपटॉपवर खानविलकर काकांचं पाणी तापायचं, आणि काका जन्मभर गार पाण्याने अंघोळ करणारे. गरम पाणी टाकीतच साचून राहायचं आणि लॅपटॉप निवायचा नाही.

"रविवारी माझी फायनल आहे. एकदा गरम नळ सोडलात तर काय बिघडेल?" ती त्यांच्या दारात जाऊन कडाडली.

"तुझ्या खेळापायी मी नेम मोडू?"

"मग बसा कुडकुडत."

रविवारी पहिल्याच डावात कार्ड भाजायला लागलं. ती काकांच्या नावाने बोटं मोडत असतानाच लॅपटॉपचा पंखा शांत झाला. वर गरम नळ सुटला होता. आला म्हातारा वठणीवर, म्हणत तिने डाव जिंकला आणि मधल्या सुट्टीत टोमणा मारायला वर धावली.

दार उघडंच होतं. हॉलमध्ये काकांचा देह ठेवला होता आणि शेवटच्या अंघोळीसाठी भाचे बाथरूममध्ये बादल्या भरत होते.

"कितीदा सांगू, तो नळ बंद करा," काकू रडत ओरडत होत्या. "ह्यांना गारच लागतं."

भाचे ऐकेनात.

"ऐकू येत नाही का? गार भरा," शलाका त्यांच्यावर खेकसली आणि तिने गरम नळ करकचून बंद केला.

शेवटचा डाव अजून बाकी होता.