दहा वर्षांचे थर

यंत्रातून बाहेर आलेले गुळवणी सर खुर्चीत टेकले. मधुमेहींनी रोज चालण्याच्या दहा वर्षांच्या प्रयोगाचा आज शेवटचा दिवस होता. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांवरून वय सांगावं, तसं हे नवं यंत्र अंगातल्या स्नायूंचे आणि चरबीचे थर वर्षवार वाचून दाखवत असे.

डॉक्टर मुलाणी बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. “सर, पहिली दोन वर्षं तुम्ही खूप मेहनत घेतलीत. पुढची आठ वर्षं मात्र स्नायू झडत गेलेत आणि पोटातली चरबी वाढत गेलीय. तुमच्या नोंदवहीत तर रोज पाच किलोमीटर चाललो असं लिहिलंय.”

गुडघा दुखला म्हणून सरांनी एकदा खोटं लिहिलं, मग तेच अंगवळणी पडलं. साखर गोळ्यांनी आटोक्यात राहिली, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. दर महिन्याला ते ती वही प्रयोगातल्या गटापुढे वाचून दाखवत आणि टाळ्या घेत.

बाहेर त्याच गटातल्या, भाजी विकणाऱ्या बायजाबाई अहवाल घेऊन थांबल्या होत्या.

“सर, दहाही वर्षांचे स्नायूंचे थर भरलेत बघा! तुम्ही या वयात चालता, मग मला काय धाड भरलीया, असं म्हणून रोज निघायची.”

त्या पाया पडायला वाकल्या, तसे सर मागे सरकले.

“नका, बाई. आठ वर्षं मी चाललोच नाही. सगळं खोटं लिहिलं.”

बायजाबाई सावकाश सरळ झाल्या. “मग मी कुणाच्या मागनं चालत होते, सर?”

सरांनी मान खाली घातली. समोर बायजाबाईंचे भेगाळलेले पाय होते. त्या पायांकडेही त्यांना बघवेना.