मेलेल्या दाताचा ठणका

म्हसळ्याच्या डेंटिस्ट मॅडमनी रूट कॅनलची शेवटची सिटिंग संपवली आणि मला एक्स-रे दाखवला.

"नस पूर्ण काढलीय, क्रांती. मुळं भरून बंद केलीत. आता या दातात दुखायला काही उरलेलंच नाही."

"पण ठणकतंय, मॅडम."

त्यांनी दातावर हलकेच ठोकून पाहिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि माझ्याकडे न बघता हातमोजे काढले.

दुपारी घरी आले तरी ठणका तसाच होता. दोन ठोके भरभर, मग एक सावकाश. दुखत मात्र अजिबात नव्हतं.

आईने माझ्या गालावर तळवा ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. "ह्ये तुझ्या बाबांचं ठोकणं हाय."

खाडीत जाळं लावलं की बाबा होडीच्या काठावर असंच दांडकं आपटायचे. आवाजाला बिचकून मासे जाळ्याकडे पळायचे. दोन वर्षांपूर्वी होडी रिकामी परत आली. बाबा सापडलेच नाहीत.

"उद्या जाऊन दातच उपटून टाकते," मी म्हणाले.

"त्याचा उपेग न्हाय, पोरी. माझ्या तोंडात एकबी दात उरला न्हाय, तरी मला पन आता ऐकू येतंय."

ठोके आता आमच्या पाठीमागून येत होते. आई चपला न घालताच दाराबाहेर पडली. मी धावत जाऊन तिचा हात धरला, तिला मागे ओढलं, पण माझेही पाय खाडीच्याच दिशेने पडत होते.

चिखल घोट्यापर्यंत आला, तेव्हा ठोके थांबले.

जाळं ओढण्याआधी बाबा असेच थांबायचे.