कोपऱ्यातली चौकट

टीव्हीवर डॉक्टरबाई शहराच्या पाण्याबद्दल बोलत होत्या, आणि नेमक्या मुद्द्याच्या वाक्याला आवाज गेला. ओठांवर धूसर ठिगळ आलं. आवाज परतला तेव्हा बाई म्हणत होत्या, "...आणि हे मी जबाबदारीनं सांगतेय."

"अहो, पण काय सांगताय?" सून टीव्हीवरच खेकसली. मांडीवर लेक मलूल पडली होती. जुलाब काही केल्या थांबत नव्हते, आणि तिला नळाचं पाणी पाजावं की नाही, एवढंच तर कळायला हवं होतं.

"कापलं असेल तर विचार करूनच कापलं असेल," सासरे म्हणाले. "सगळ्यांना सगळं सांगितलं की घबराट होते. लोक दुकानांवर तुटून पडतात."

"घबराट परवडली, बाबा. हिचं पोट नाही परवडत."

"झालं! घातलीस लगेच डोक्यात राख."

ती उत्तर देणार तेवढ्यात तिचं दिराकडे लक्ष गेलं. तो खुर्चीच्या टोकावर आला होता आणि तिला जोरजोरात खुणावत होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. या घरात बातम्या त्याच्या वाट्याला उरल्यासुरल्याच यायच्या. जेवताना सगळे पोट धरून हसायचे, तो कोपरानं ढोसून कारण विचारायचा, आणि कुणीतरी 'मग सांगतो' अशी खूण करायचं. ते 'मग' कधी उजाडत नसे. सासरे तर नुसता हात झटकायचे. हे बघवेना म्हणून सून लग्नानंतर हातांची भाषा शिकली होती.

"भावजी, सावकाश," तिनं खूण केली.

टीव्हीच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट असायची. तिच्यात एक बाई कार्यक्रमातलं बोलणं हातांनी सांगायची. घरात दीर सोडला तर तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. कापणाऱ्यांनीही बघितलं नव्हतं. त्यांनी आवाज घालवला, ओठ झाकले, आणि चौकटीतले हात तसेच सोडले.

दीर सांगत गेला तशी सून मोठ्यानं बोलत गेली. "मोठ्या टाकीत गटाराचं पाणी शिरलंय. उकळल्याशिवाय थेंबही पिऊ नका. लहान मुलांना तर मुळीच देऊ नका."

तिनं उठून बाटलीतलं पाणी ओतून दिलं आणि गॅसवर पातेलं चढवलं. आता निदान काय करायचं ते तिला माहीत होतं. तिला रडू आलं आणि बरंही वाटलं.

शेजारच्या काकू दारात आल्या. "तुमच्याकडेही आवाज गेला का गं? काय म्हणाल्या त्या?"

"भावजींना विचारा, काकू."

काकूंमागोमाग आणखी चारदोन जण आत शिरले. दिरानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. घर भरलं होतं, सून मोठ्यानं बोलून दाखवत होती, तरी माणसं त्याच्या हातांकडे बघत होती. ऐकून झालं तसे सगळे आपापल्या घरी पाणी उकळायला पळाले.

सासरे तेवढे राहिले. त्यांनी खुर्ची ओढून मुलाच्या अगदी समोर घेतली.

"आणखी काय म्हणाल्या त्या? विचार त्याला."

"झालं की, बाबा. बाकी काही विशेष नव्हतं."

"नसू दे," सासरे म्हणाले. "विशेष नसलेलंही सांगू दे त्याला."